न उडालेला बार

विक्रोळी पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडून लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दिशेने चालत निघाले की वाटेत एका बँकेची शाखा लागे. तिच्या दारात, सरकत्या लोखंडी जाळीच्या आतल्या बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसलेले असत. वय साठीच्या आसपास, निळसर गणवेश उन्हाने विटलेला, छातीवरून तिरका गेलेला काडतुसांचा पट्टा आणि मांडीवर आडवी ठेवलेली दुनळी बंदूक. निवृत्तिवेतन घ्यायला येणारे वृद्ध त्यांना 'मामा' म्हणत. पैसे भरायची चिठ्ठी कोणत्या खिडकीत द्यायची, पासबुक छापायचे यंत्र आज चालू आहे की बंद, हे सारे मामाच सांगत. मांडीवरच्या बंदुकीकडे कोणाचे लक्ष नसे. खुद्द मामांचेही नसावे.

एकदा एम.ए.च्या वर्गात नाट्यरचनेविषयी बोलताना चेकॉव्हचा तो सुप्रसिद्ध नियम निघाला: पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवली असेल, तर पुढे ती उडालीच पाहिजे, उडणार नसेल तर टांगू नये. कन्नमवार नगरातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने हात वर केला आणि विचारले, "सर, मग बँकेतल्या मामांच्या बंदुकीचं काय? ती कितव्या अंकात उडणार?" वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या समाजात ही बंदूक दीडशे वर्षे कोठे ना कोठे टांगलेली आहे आणि बहुतेक वेळा ती उडालेलीच नाही. न उडणाऱ्या बंदुकीला इतकी वर्षे कोणी आणि का सांभाळले, हा साहित्याच्या विद्यार्थ्याला पडावा असाच प्रश्न आहे.

चेकॉव्हचा नियम पोथीतल्यासारखा एका ठिकाणी सापडत नाही. त्याच्या पत्रांतून आणि सहवासातल्या माणसांच्या आठवणींतून तो आपल्यापर्यंत आला. त्यांपैकी लाझारेव्ह-ग्रुझिन्स्की या लेखकमित्राला १ नोव्हेंबर १८८९ रोजी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. इंग्रजीतून हा नियम आपल्याकडे पोचला तेव्हा त्यातल्या बंदुकीची पुष्कळदा 'रायफल' झाली. मूळ रशियन शब्द आहे 'रुझ्यो'. रायफलीला रशियनमध्ये 'विन्तोव्का' हा वेगळा शब्द असून त्यात स्क्रूच्या आट्यांची कल्पना आहे. 'रुझ्यो' म्हणजे साधी, बहुतांशी शिकारीची बंदूक. रशियन जमीनदाराच्या घरातील भिंतीवर जी टांगलेली असेल ती बहुधा हीच: आतून गुळगुळीत, रुंद नळीची, छरे उडवणारी. म्हणजे नाट्यशास्त्रातली ही सर्वांत प्रसिद्ध बंदूक आपल्या बँकेच्या दारातल्या बंदुकीची सख्खी बहीण ठरते.

येथे नळीच्या आतील भेदाकडे लक्ष द्यायला हवे, कारण पुढचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. रायफलीच्या नळीत पेचदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि दूरवर नेम साधते. गुळगुळीत नळीला हे सामर्थ्य नाही. तिच्यातून एक मोठा गोळा किंवा मूठभर छरे निघतात, जवळ भयंकर इजा करतात आणि थोड्याच अंतरावर दुबळे होतात. साध्या छऱ्यांचा परिणाम चाळीस-पन्नास मीटरांपलीकडे फारसा उरत नाही.

या नळीचे माप सांगण्याची रीतही गमतीची आहे. 'बारा बोअर' यातला बारा हा आकडा इंच, सेंटिमीटर कशाचाच नाही. नळीच्या तोंडात नेमके बसतील असे शिशाचे गोळे ओतले आणि एक पौंड शिशात असे बारा गोळे झाले, तर ती नळी बारा बोअरची. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, दहाचा १९.७, आठाचा २१.२. चार बोअर म्हणजे पाव पौंडाचा, सुमारे ११३ ग्रॅमचा गोळा आणि जवळजवळ २७ मिलिमीटरची नळी. ही मोठी तोंडे एकोणिसाव्या शतकातल्या काळ्या दारूच्या जमान्यातली. त्या दारूने गोळीला फार वेग देता येत नसे, म्हणून हत्ती-गव्यासाठी गोळीचे वजनच वाढवावे लागे. चार बोअरची बंदूक आठ-दहा किलोच्या घरात जाई. श्रीलंकेत आणि आफ्रिकेत शिकार केलेल्या सॅम्युएल बेकरकडे तर अर्ध्या पौंडाचा गोळा उडवणारे एक धूड होते. त्याला त्याने 'बाळ' असे लाडके नाव दिले होते, पण ते उडवायला तो स्वतःच धजत नसे, कारण धक्क्याने तो गर्रकन फिरे. १८८० नंतर फॉस्बेरी या हिंदुस्थानात नोकरी केलेल्या अधिकाऱ्याने नळीच्या शेवटच्या काही इंचांतच खाचा पाडण्याची युक्ती काढली. एकाच बंदुकीतून पक्ष्यांसाठी छरे आणि मोठ्या जनावरासाठी गोळी अशी दोन्ही कामे होऊ लागली. पुढे धूररहित दारू आली, बारीक गोळी प्रचंड वेगाने जाऊ लागली आणि चार व आठ बोअरची धुडे संग्रहालयांत जाऊन बसली. बारा बोअर तेवढी टिकली.

मराठीने या वस्तूचे स्वागत कसे केले, हे शब्दांतून दिसते. 'बंदूक' अरबीतून फारसीमार्गे आली. मूळ अर्थ लहान गोटीसारखे फळ किंवा गोळी. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' ही पोर्तुगीजांची देणगी. पण हत्यार हाती आल्यावर त्याच्या अवयवांना मराठी माणसाने आपली नावे दिली: घोडा, चाप, दस्ता, नळी. तोंडातून दारू ठासून भरायची ती 'ठासणीची', तोड्याने पेटवायची ती 'तोड्याची'. आणि आवाजाला 'बार' म्हटले. या एका शब्दाने भाषेत केवढा संसार थाटला! लग्नाचा बार उडतो, वल्गना फुसका बार ठरते, तळहातावर चुना-तंबाखू मळून माणूस गालात बार भरतो. विक्रोळीच्या मामांनी नोकरीत जे बार भरले ते बहुधा या शेवटच्या प्रकारचेच. 'गारदी' हा शब्दही पहारेकरी या अर्थाच्या युरोपीय शब्दापासून आला असे मानतात. म्हणजे १७६१ साली पानिपतावर लढलेले इब्राहिमखानाचे गारदी, १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून करणारे गारदी आणि आजचे बँकेचे 'गार्ड' ही शब्दाच्या नात्याने एकाच घरची माणसे. धन्याचे रक्षण करण्यासाठी ज्याच्या हाती हत्यार द्यायचे, त्याचीच धन्याला भीती वाटावी, हा पेच शनिवारवाड्याने पाहिला होता. इंग्रजांनी तो कायद्याने सोडवू पाहिला.

१८५७ च्या उठावाला निमित्त ठरली ती एनफील्ड रायफलीची काडतुसे, हे शाळेपासून आपण वाचत आलो आहोत. त्यानंतर काय झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. उठाव मोडून काढल्यावर देशी पलटणींसाठी त्याच एनफील्डचा १८५८ चा एक वेगळा नमुना तयार करण्यात आला. बाहेरून ती तशीच दिसे. नळी मात्र आतून गुळगुळीत होती. खाचा मुद्दाम गाळल्या होत्या. गोऱ्या सैनिकाची गोळी जेथवर नेमकी जाईल, तेथवर काळ्या शिपायाची जाऊ नये, एवढाच हेतू. विसाव्या शतकातही पोलिसांसाठी लष्करी रायफलींच्या नळ्या रुंद व गुळगुळीत करून .४१० मापाची, एका वेळी एकच काडतूस घेणारी 'मस्केट' बनवली गेली. हत्यार हिसकावले गेले तरी त्यात लष्करी काडतूस चालू नये, हा त्यामागचा हिशेब. गुळगुळीत नळी ही अशा रीतीने अर्धवट विश्वासाची खूण झाली. पहारा कर, पण तुझा हात फार लांब पोचता कामा नये, असे तिने आपल्या धारकाला बजावले.

प्रजेच्या बाबतीत तर अर्धाही विश्वास नव्हता. १८५७ आणि १८६० चे तात्पुरते निर्बंध पक्के होऊन १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपीयांना सूट. काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव आला. गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात हा कायदा इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत गणला, ही गोष्ट अहिंसेच्या पुजाऱ्याविषयीच्या आपल्या ठोकळेबाज कल्पनेला हादरा देणारी आहे. हत्यार नाकारणे वेगळे आणि ते हाती धरण्याच्या लायकीचे नाही असे ठरवले जाणे वेगळे, हा भेद त्यांना ठाऊक होता.

या कायद्याचा एक सांस्कृतिक परिणाम मात्र कायदा करणाऱ्यांनीही कदाचित योजला नसेल. बंदूक दुर्मीळ झाली आणि म्हणून मानाची झाली. इनामदार, खोत, देशमुख, सरकारदरबारी वजन असलेला पाटील यांच्या ओसरीवर ती खुंटीला लागली. परवान्याच्या कागदावर कारण स्वसंरक्षणाचे असे, प्रत्यक्षात तो सरकारने निष्ठेला दिलेला दाखला असे. या बंदुकीला उडण्याची गरज नव्हती. दसऱ्याला झेंडूची माळ घालून तिची पूजा झाली, वर्षातून एकदा तेलपाणी झाले, परवान्याचे नूतनीकरण झाले की तिचे काम झाले. कुळाने ओसरीच्या पायरीशी उभे राहून बोलताना एकदा भिंतीकडे पाहिले की बार उडाल्यासारखाच होता.

ती दिसण्यासाठीच असते, हे दुसऱ्या टोकाकडूनही तपासून पाहता येते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला मारले ते ब्राउनिंग पिस्तुलाने. तेथे 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. अंगरख्यात लपेल असेच हत्यार क्रांतिकारकाला हवे होते. दुनळी लपत नाही. ती मालकाच्या आधी दिसते. म्हणून बंड करणाऱ्याला तिचा उपयोग कमी आणि धाक टिकवणाऱ्याला अधिक.

स्वातंत्र्यानंतर शस्त्रांचा नवा कायदा १९५९ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. वांशिक भेदाचा त्यात मागमूस नाही. तरी नळीविषयीचा जुना विवेक कायम आहे. या कायद्याच्या तेराव्या कलमानुसार संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असे आहे. अट एवढीच की नळी वीस इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटरपेक्षा, आखूड नसावी. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचीही तेथे सोय आहे. रायफल आणि पिस्तूल हवे असेल तर 'सबळ कारण' लागते. नळी कापून आखूड करायलाही सहाव्या कलमानुसार परवाना लागतो, कारण कापलेली बंदूक कपड्यांत लपते. थोडक्यात, बंदूक मोठी असावी, दिसावी आणि तिचा पल्ला बेताचा असावा, ही राज्यकर्त्यांची इच्छा १८५८ पासून फारशी बदललेली नाही. एका व्यक्तीने किती हत्यारे बाळगावीत याची मर्यादा तीन होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आली.

मग ही बंदूक कधी उडालीच नाही का? उडाली, पण वाड्याच्या भिंतीपासून दूर. कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या गावांतून ठासणीच्या बंदुका भातशेतीच्या आणि बागांच्या राखणीला आहेत. रानडुक्कर आणि वानर यांच्याशी चाललेला तो रोजचा झगडा आहे, आणि अंधारात हालणाऱ्या झुडपावर बार काढल्यावर तेथे जनावराऐवजी शेजारचाच माणूस निघाल्याच्या बातम्याही त्याच मुलखातून येतात. दुसरी जागा पक्षिशास्त्राची. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातील पक्ष्यांची कातडी ही बारीक छऱ्यांच्या काडतुसांची देण आहे. सालिम अलींचा पक्ष्यांकडे जाणारा रस्ता लहानपणी छऱ्याच्या हवाई बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाला, ही कथा सर्वपरिचित आहे. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांचे उदाहरण याला जोडून पाहावे. त्यांनी हौसेने शिकार केली आणि पुढे दुर्बीण व रेखाटनवही हाती घेतली. १९८२ चे 'सत्तांतर' वानरांच्या टोळ्यांविषयी इतक्या स्थिर नजरेने बोलते, ते नेम धरायला शिकलेल्या पण चाप न ओढणाऱ्या डोळ्यांमुळे, असे मला वाटते. शिकाऱ्याची नजर राहिली, बार गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची दुनळी तशीही निरुपयोगी केली होती.

आता पडद्याकडे वळू. तेथे चेकॉव्हचा नियम कसोशीने पाळला जातो. 'मदर इंडिया' (१९५७) मध्ये राधा आपल्या मुलावर, बिरजूवर, बंदूक चालवते. 'गंगा जमुना' (१९६१) मध्ये पोलीस झालेला भाऊ डाकू झालेल्या भावाला गोळी घालतो. या दोन्ही चित्रपटांत बंदूक उडते तेव्हा घरचेच माणूस पडते. नैतिक निर्णयाचा तो उच्चार असतो. पुढच्या डाकूपटांच्या लाटेत हा तोल गेला. छातीवर काडतुसांच्या माळा, खडकांतून घुमणारे आवाज, मोजता न येणाऱ्या गोळ्या. बंदूक वाक्य न राहता विरामचिन्ह झाली. गंमत अशी की 'निशांत' (१९७५) लिहिताना विजय तेंडुलकरांनी जमीनदाराच्या दहशतीचा शेवट नायकाच्या गोळीने केला नाही. गावच जमीनदाराच्या घरावर चालून जाते, आणि त्या लाटेत दोषी-निर्दोष सारेच सापडतात. ज्या भिंतीवरच्या हत्यारांनी पिढ्यान् पिढ्या धाक घातला, त्या भिंतींना जमाव भीत नाहीसा झाला की काय होते, याचे इतके अस्वस्थ करणारे चित्र आपल्या पडद्यावर क्वचितच आले असेल.

हॉलिवूडने मोठ्या नळीचे वेगळेच दैवत केले. जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच' (१९३९) मध्ये गाडीवानाशेजारी बंदूक घेऊन बसणारा पहारेकरी आहे, आणि तो वास्तवाला धरून आहे. टपाल आणि सोने नेणाऱ्या गाड्यांवर असे पहारेकरी खरोखरच असत. अर्धशतकानंतर 'टर्मिनेटर २' (१९९१) मध्ये तीच जात गुलाबांच्या खोक्यातून निघते: दहा बोअरची, १८८७ च्या विंचेस्टर नमुन्याची, नळी आणि दस्ता कापलेली. नायक ती एका हाताने गोल फिरवून भरतो. गाडीवरच्या नोकराचे हत्यार यंत्रमानवाचा अलंकार झाले.

चित्रपटातला दुसरा लाडका भ्रम म्हणजे छऱ्यांचा बार लागताच माणूस हवेत उडून काच फोडत पलीकडे पडतो. बारा बोअरच्या काडतुसात साधारण ३२ ग्रॅम छरे असतात आणि ते सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघतात. हा सारा संवेग सत्तर किलोच्या माणसात मुरला तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला अठरा सेंटिमीटर, म्हणजे रांगत्या मुलाएवढाही नाही. शिवाय न्यूटनच्या नियमाने तेवढाच धक्का बंदूकधाऱ्यालाही बसतो. एक उडाला तर दुसराही उडायला हवा. छरे खोलीभर पसरतात हेही खरे नव्हे. पाच मीटरांवर त्यांचा पसारा तळहाताच्या आसपास असतो. प्रत्यक्षात माणूस उडत नाही, जागच्या जागी कोसळतो, आणि जखम पाहवत नाही. पडदा आपल्याला आवाज आणि उड्डाण दाखवतो, कारण जखम दाखवली तर तिकीट कोण काढील?

त्या जखमेची आठवण वास्तवाने अलीकडे करून दिली. काश्मीरमध्ये २०१० पासून जमाव पांगवण्यासाठी बारा बोअरच्या बंदुकांतून बारीक शिशाचे छरे मारले गेले, आणि २०१६ मध्ये शेकडो माणसांच्या डोळ्यांना इजा झाली. हे हत्यार गोळीपेक्षा सौम्य म्हणून निवडले गेले होते. गुळगुळीत नळी म्हणजे कमी धोका, हे दीडशे वर्षांचे समीकरण त्या डोळ्यांनी खोटे ठरवले.

या सगळ्यानंतर पुन्हा विक्रोळीत येऊ. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा गल्लोगल्ली पोचल्या आणि प्रत्येक तिजोरीला पहारा लागला. येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. देशातल्या बँकांत गेलेल्या कितीतरी तिजोऱ्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या, आणि बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येतात. तिजोरी विक्रोळीची, काडतूस खडकीचे. दोहोंच्या मधे बसलेला माणूस मात्र कोठलाही असू शकतो. कधी साताऱ्याकडचा निवृत्त जवान, कधी उत्तर प्रदेशातून घरची परवान्याची दुनळी घेऊन आलेला शेतकऱ्याचा मुलगा. खाजगी सुरक्षा क्षेत्रात 'गनमॅन'ची नोकरी अशा माणसाला त्याच्या बंदुकीमुळे मिळते. गावी जी खुंटीवर प्रतिष्ठा होती, ती मुंबईत पगाराची सोय होते. साध्या पहारेकऱ्यापेक्षा चार पैसे जास्त, एवढाच तिचा उरलेला मान.

वाड्यावरून बँकेच्या दाराकडे झालेला बंदुकीचा हा प्रवास मला आपल्या सामाजिक इतिहासाचा एक न लिहिलेला अध्याय वाटतो. हत्यार तेच, नळी तीच, उडत नाही हेही तेच. पण वाड्यावर बंदुकीमागे सत्ता होती आणि तिच्यापुढे गरीब उभा होता. बँकेत सत्ता आत, वातानुकूलित खोलीत आहे आणि गरीब बंदुकीच्या मागे बसला आहे. स्वतःची नसलेली संपत्ती तो राखतो. त्याच्या कामासाठी महाराष्ट्राने १९८१ साली सुरक्षा रक्षकांचा कायदा केला, केंद्राने २००५ साली खाजगी सुरक्षा संस्थांचा. कागद आहेत. तरी बारा तास खुर्चीवर बसून दुखणाऱ्या पाठीचा उल्लेख कोणत्याही परवान्यात नसतो. उद्या खरोखर दरोडा पडला, तर समोर स्वयंचलित पिस्तूल असेल आणि त्याच्याकडे दोन बार. ते संपले की बंदूक मोडून, काडतुसे काढून, नवी भरायला किती वेळ लागतो हे त्याला आणि आपल्यालाही ठाऊक आहे. त्याचे खरे काम लढणे नाही, दिसणे आहे. गेल्या काही वर्षांत दिसण्याचे कामही कॅमेऱ्यांनी उचलले आणि अनेक शाखांतून सशस्त्र पहारेकरी नाहीसा झाला. आमच्या वाटेवरची ती खुर्चीही आता नाही.

मराठी साहित्याने वाड्यावरच्या बंदुकीकडे पुष्कळ पाहिले. खोताची, इनामदाराची बंदूक कथा-कादंबऱ्यांतून भिंतीवर टांगलेली आहे. दारातल्या बंदुकीकडे मात्र आपण बँकेत जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखेच, न पाहता पुढे गेलो. ग्रामीण साहित्याने ओसरी लिहिली, दलित साहित्याने ओसरीखालची पायरी लिहिली. शहराच्या दाराशी रात्रंदिवस हत्यार घेऊन बसलेला हा गारदी अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. चित्रपटाने तर दरोड्याच्या पहिल्याच मिनिटात त्याला पाडून कॅमेरा आत नेला.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा सुचले, आणि तेही चेकॉव्हनेच देऊन ठेवले होते. त्याच्या शेवटच्या नाटकात, १९०४ च्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये, रंगमंचावर एका पात्राकडे बंदूक आहे आणि दुसऱ्याच्या खिशात रिव्हॉल्वर. दोन्ही उडत नाहीत. नियम सांगणाऱ्यानेच तो अखेरीस मोडला. नाटक संपते तेव्हा मालक मंडळी निघून गेलेली असतात आणि बंद घरात म्हातारा नोकर फिर्स विसरला गेलेला असतो. बाहेर झाडांवर कुऱ्हाडीचे घाव पडत असतात.

मी पुढच्या तासाला त्या विद्यार्थ्याला म्हटले, "मामांची बंदूक कोणत्याच अंकात उडणार नाही. तू नाटक लिहिणार असशील, तर बंदुकीवर नको, मामांवर लिही." त्याने मान डोलावली. पण तो कन्नमवार नगरात वाढलेला होता. त्याने शांतपणे विचारले, "सर, तुम्हाला त्यांचं नाव माहीत आहे?"

मला माहीत नव्हते. त्या बँकेत माझे खाते होते.